एका नावावर दोघी

१

सोमवारी सकाळी माझ्या प्रयोगशाळेत एका नावावर दोन बायका निघाल्या.

टेबलावर वस्तूही दोनच होत्या. एक रक्ताची नळी आणि एक मेणाचा छोटा ठोकळा. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. एका बाईच्या कानाखालच्या लाळग्रंथीतून काढलेल्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा त्या ब्लॉकमध्ये बसवलेला होता, आणि रक्तही त्याच बाईचं होतं. दोन्हींवर नाव एक, नंबर एक. संगणक मात्र ठासून सांगत होता की गाठ एकीची आहे आणि रक्त दुसरीचं.

आमचं काम म्हणजे वजाबाकी. माणूस जन्माला येताना स्वतःची अशी असंख्य जनुकीय वैशिष्ट्यं घेऊन येतो. ती रक्तात असतात आणि गाठीतही असतात. गाठीत त्याशिवाय तिने स्वतः केलेल्या काही खोड्या असतात. गाठीतून रक्त वजा केलं की खोड्या तेवढ्या उरतात, आणि नेमकी खोडी हाती लागली की तिच्यावरचं नेमकं औषध शोधता येतं. पण गाठ एकीची आणि रक्त भलतीचं असेल तर ही वजाबाकी म्हणजे आवळ्यातून भोपळा वजा करण्यातला प्रकार. उत्तर येतं, पण ते कुणाच्याच कामाचं नसतं.

आमच्या उत्तरात खोड्यांचा नुसता पूर आला होता.

"वा! इतक्या खोड्या!" माझ्या खांद्यावरून पडद्यावर डोकावत एक आवाज म्हणाला. हे आमचे कर्करोगाचे डॉक्टर. सगळं रुग्णालय त्यांना पाठीमागे 'तातडी' म्हणतं. माणूस वाईट नाही, पण उकळत्या पाण्याची वाट पाहणंही त्यांना जमत नाही. "गाठीत इतकी गडबड असेल तर शरीराची संरक्षणशक्ती चेतवणारं इंजेक्शन लागू पडतं. शुक्रवारच्या बैठकीत मंजूर करून घेतो."

"गाठ तिची नाही," मी म्हटलं. "किंवा रक्त तिचं नाही. ते कळेपर्यंत एक थेंबसुद्धा औषध द्यायचं नाही."

"मॅडम, दोन्ही फुप्फुसांत गाठी पसरल्यात. नेहमीचं औषध चालेनासं झालंय. तुमची कोडी सुटेपर्यंत ती बाई थांबणार आहे का?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझा स्वभाव गोड आहे असं म्हणणारं माणूस तसंही अजून जन्माला यायचंय. मी त्यांना दार दाखवलं आणि पडद्याकडे वळले. तिथे आणखी एक ओळ होती. संगणकाच्या हिशेबाने गाठीची मालकीण आणि रक्ताची मालकीण एकमेकींना परक्या नव्हत्या. त्या सख्ख्या बहिणी होत्या.

२

पहिला संशय नानांवर गेला, कारण गाठी त्यांच्या हातून जातात. मोठ्या तुकड्यातून छोटे तुकडे काढायचे, मेणात बसवायचे, मग त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अदलाबदल झाली असेल तर याच टेबलावर; बहिणींचा तो हिशेब मी अजून पक्का धरला नव्हता.

"नाना, त्या दिवशी दुसरी लाळग्रंथी आली होती का?"

नानांनी चष्मा काढला. त्यांना दुखावलं की ते आधी चष्मा काढतात. "आली होती. दुसऱ्या एका बाईंची. म्हणजे मी दोघींची गाठ बदलली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाही. मी विचारतेय."

"विचारता तेव्हा तुमचं म्हणून झालेलं असतं, मॅडम."

खरं होतं ते. मी त्या दुसऱ्या बाईंची गाठ आणि रक्त जुळवून पाहिलं. चोख जुळलं. अदलाबदल झाली असती तर दोन्हीकडे घोटाळा दिसला असता. एकाची चप्पल बदलली तर दुसराही भलतीच चप्पल घालून घरी जातो की नाही? इथे दुसऱ्याच्या पायात त्याची स्वतःचीच चप्पल होती.

मग मी आमच्या मूळ बाईच्या शस्त्रक्रियेतून आलेले सगळेच ब्लॉक तपासायला लावले. त्यात गाठीचे होते आणि शेजारच्या निरोगी स्नायूचाही एक होता. नानांनी तोंडातून शब्द न काढता काप करून दिले. मंगळवारी संध्याकाळी निकाल आले तेव्हा तेच आपण होऊन माझ्या खोलीत आले.

"सगळे एकाच बाईचे?"

"एकीचेच. पण प्रत्येकात रक्तवालीचाही थोडासा अंश आहे. स्नायूतसुद्धा."

नाना विचारात पडले. "माझ्या हातून शिंतोडा उडाला असता तर एका ब्लॉकवर उडाला असता. फार तर दोन. सगळ्यांवर सारखाच कसा उडेल? शिंतोडे उडवायलासुद्धा इतका नेम लागतो होय!"

मी हसले, पण ते वाक्य डोक्यात रुतून बसलं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मला घाई होती ती दुसऱ्या संशयिताकडे जायची, म्हणजे रक्ताकडे.

रक्त काढणाऱ्या सिस्टरने कंबरेवर हात ठेवूनच माझं स्वागत केलं. "नाव विचारलं, नंबर पाहिला, नेहमीचे सगळे प्रश्न विचारले. आधी कुठला मोठा आजार नाही, कधी कुणाचं रक्त, अवयव, काही घेतलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडून चूक झालेली नाही."

"सोबत कोण होतं?"

"थोरली बहीण. नेहमी तीच असते. दोघींचा चेहरा तर अगदी छाप्यातून काढल्यासारखा. धाकटीला सुईची भीती वाटते, म्हणून थोरली तिच्या आधी खुर्चीत बसून दाखवते, बघ, काही होत नाही म्हणून."

"काय म्हणालात?" मी विचारलं. "कोण बसतं खुर्चीत?"

३

बुधवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन थडकले. डॉक्टरने रुग्णाच्या घरी जायची रीत नाही, पण शुक्रवार डोक्यावर होता.

खाली नाटकांचे कपडे शिवायचं दुकान होतं आणि वर घर. धाकटी दुकानातच होती. डोक्यावर केस नाहीत, त्यावर जांभळा रुमाल. अंगाने वाळलेली, पण कात्री हातात घट्ट. उंची इतकी बेताची की कापायचं टेबल तिच्यासाठी मुद्दाम बुटकं करून घेतलं होतं. त्यावर कुठल्याशा राजाचा झगा पसरला होता.

"या मॅडम," ती म्हणाली आणि मला आपादमस्तक न्याहाळून घेतलं. "हा कोट कुणी शिवलाय? खांदे तुमचे नाहीत हे."

"रुग्णालय देतं."

"मग गाठी तरी बऱ्या बघतात का तिथे?"

मला ती एकदम आवडली. ज्या बाईला मरू द्यायचं नाही असं आपण आधीच ठरवलेलं असतं, ती आवडून गेली की काम आणखी अवघड होतं.

थोरली आतून चहा घेऊन आली. तीन वर्षांनी मोठी, धाकटीपेक्षा डोक्याने उंच, चेहरा तोच. खिडकीशी त्यांचे वडील बसले होते. दोघी त्यांना आबा म्हणत. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आणि आजही हातात चिमटा होता. मी आल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खाली घातली.

मी आडवळणं घेतली नाहीत. "ताई, हिच्या नावाने तुम्ही रक्त दिलंत का?"

थोरलीचा चेहरा लाल झाला. "काय?"

"हिला सुईची भीती वाटते. तुम्ही खुर्चीत बसता. नळीत तुमचं रक्त आहे, असं माझा संगणक म्हणतो. मायेने केलं असेल, पण त्यापायी हिचा जीव जाईल."

"अहो, मी बसते ते नुसती बसते! बाही वर करते आणि उठते. माझी बहीण मरायला टेकलीय आणि मी रक्ताची चोरी करीन?" तिने कप आपटला. "घ्या, आत्ता घ्या. दोघींचं घ्या. तुमच्या हाताने घ्या."

मी तयारीनिशीच गेले होते. धाकटीने तोंड फिरवून डोळे मिटले. सुई टोचताना गळ्याशी आलेलं रुमालाचं टोक सरकलं, तेव्हा गळ्याच्या हाडाखाली एक जुना, आखूड व्रण दिसला.

"हा कसला?"

"झोपाळ्यावरून कुंपणावर पडले होते, अगदी लहानपणी. मला आठवत नाही, आई सांगायची. माझ्या अंगाचं एकेक नवलच, मॅडम. वाढ खुंटली ती खुंटलीच. तिशीच्या आत दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आजीबाईंचे डोळे घेऊन आलात की काय! मूल झालं नाही, त्याचंही कारण कुणाला सापडलं नाही." ती हे सगळं कापडाचा दर सांगावा तसं सांगत होती. "आणि आता हे. एकच गिऱ्हाईक आणि सगळे आजार त्याच्याच मापाचे!"

"पुरे झालं." आबा पहिल्यांदाच बोलले. "आणखी किती टोचणार आहात तिला? जुनं काय उकरताय? गाठीवर औषध द्या आणि मोकळं करा."

ते उठून जिना चढून वर गेले. चिमटा खाली पडला होता, तो उचलायलाही थांबले नाहीत. म्हाताऱ्याला लेकीची काळजी आहे, असं तेव्हा माझ्या मनात आलं. मी जुनं उकरतेय असं त्यांना का वाटावं, हा प्रश्न माझ्या मनात उशिरा आला.

४

गुरुवारी सकाळी निकाल आला. थोरलीची नळी आणि धाकटीची नळी, दोन्ही मी स्वतः भरलेल्या. दोन्हींत एकच बाई, आणि ती थोरली.

म्हणजे थोरली खरं बोलत होती. नानाही खरं बोलत होते आणि सिस्टरही. कुणीच काही बदललं नव्हतं. धाकटीच्या शिरेतून माझ्या डोळ्यांदेखत निघालेलं रक्त तिच्या ताईचं होतं.

मी दार लावून घेतलं. माझी सहायिका बाहेरून विचारत होती की त्या जुळ्या असतील का. तीन वर्षांच्या अंतराने जुळं होत नाही, असं मी तिला आतूनच ओरडून सांगितलं.

मग मी पहिल्यापासून विचार केला. आमच्या सगळ्या कामाचा पाया एकच. माणसाचं रक्त त्याचं स्वतःचं असतं. त्यावर आम्ही कधी शंकाच घेत नाही. गाठ आणि रक्त जुळलं नाही की बोट उठतं ते गाठीकडे. मीही तेच केलं होतं. पण निरोगी स्नायू गाठीशी जुळत होता. स्नायूची अदलाबदल करून कुणाला काय मिळणार? म्हणजे गाठ आणि मांस त्या बाईचं स्वतःचं. परकं होतं ते रक्त.

आणि नानांचा तो नेमबाज शिंतोडा! प्रत्येक तुकड्यात थोरलीचा थोडा थोडा अंश. शिंतोडा कसला, रक्त मांसातून वाहतं, जिथे मांस तिथे ते असणारच. थोरलीचं रक्त धाकटीच्या देहात वाहत होतं. नुसतं चढवलेलं रक्त काही दिवसांत संपतं. हे तर तिथे मुक्कामाला होतं. दुसऱ्याचं रक्त देहात कायमचं राहायला येतं ते एकाच वाटेने, हाडांतली मज्जा बदलली तर.

मग बाकीचं भराभर जागेवर बसलं. मज्जा बदलण्याआधी जुनी मारावी लागते, आणि त्या काळात त्यासाठी लहान मुलांच्या सबंध अंगावर किरणं सोडत. त्याने वाढ खुंटते. डोळ्यांत अकाली मोतीबिंदू होतो. पुढे मूल होत नाही. गळ्याखालचा व्रण झोपाळ्याचा नव्हता, औषधाची नळी घातल्याचा होता. आणि त्या किरणांनी पुष्कळ वर्षांनी आणखी एक गोष्ट होऊ शकते. लाळग्रंथीत गाठ.

'कधी कुणाचं रक्त, अवयव, काही घेतलेलं नाही.' धाकटीने सिस्टरला खोटं सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं.

खरा धोका मला दिसला तो त्यानंतर. तातडींचं इंजेक्शन संरक्षक पेशींना चिथावतं, आणि धाकटीच्या संरक्षक पेशी तिच्या नव्हत्याच. ताईच्या पेशी इतकी वर्षं त्या घरात गुण्यागोविंदाने नांदल्या होत्या. त्यांना चिथावलं तर हे घर परकं आहे, हे त्यांच्या ध्यानात येण्याची भीती होती. मग गाठी राहिल्या बाजूला, त्या तिचं यकृत, आतडी, कातडी, जे दिसेल त्यावर तुटून पडल्या असत्या.

मी सिस्टरला फोन लावला. "उद्याच्या बैठकीआधी मला त्या बाईंना भेटायचंय."

"उद्या कशाला?" सिस्टर म्हणाली. "बैठक सकाळीच उरकली डॉक्टरांनी. बाई इथेच आहेत. इंजेक्शनची पिशवी टांगलीय, सुई लावतेय मी आता."

५

"थांब!" मी फोनमध्ये इतक्या जोरात ओरडले की बाहेर सहायिकेच्या हातून काहीतरी फुटलं. मग मी जिना उतरत धावत सुटले. माझ्या वयाला आणि त्या ढगळ कोटाला ते शोभत नव्हतं.

सिस्टर हातात नळी धरून तशीच उभी होती. सुई लागलेली नव्हती. पलंगाभोवती थोरली, आबा आणि कपाळाला आठ्या घातलेले तातडी.

"मॅडम, हे अती होतंय."

"ही पिशवी काढा आधी. मग बोलते."

मी बोलले. एकेक करून सगळं सांगितलं: स्नायू, शिंतोडे, दोन नळ्या, डोळे, उंची. तातडींनी मध्ये तोंड घातलं नाही, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरते. मी संपवल्यावर ते हळू म्हणाले, "तर्क सुरेख आहे. पण चुकला असाल तर आपण हिचं शेवटचं औषध हिरावून घेतोय. कुणीतरी सांगायला हवं की असं झालं होतं."

"मला असला काही आजार झालाच नव्हता," धाकटी म्हणाली. "ताई, झाला होता का गं?"

"छे!" थोरली म्हणाली. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या कमरेमागे गेला. "मी... मी सहा वर्षांची असताना जिन्यावरून पडले होते. कमरेत फार दुखायचं. रुग्णालयात ठेवलं होतं मला." ती माझ्याकडे बघत राहिली. "पण आमच्या त्या घराला जिनाच नव्हता."

मज्जा कमरेच्या हाडातून काढतात. मी ते बोलले नाही. बोलायची गरज उरली नव्हती. सगळ्यांचे डोळे आबांकडे लागले होते.

ते भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्यापुढे गेले. मला राग आला होता, आणि तो लपवावा असं मला वाटलं नाही.

"आबा, तुम्हाला माहीत आहे. बुधवारी तुम्ही मला जुनं उकरू नका म्हणालात. मी तर रक्त घ्यायला आले होते, एक व्रण सहज विचारला तेवढाच. जुनं काय ते तुम्ही जाणत होतात."

"हो," आबा म्हणाले.

धाकटी उठून बसली. "आबा?"

"तीन वर्षांची होतीस चिमणे. रक्ताचा कर्करोग. आशा सोडा म्हणाले होते. मग एक डॉक्टर म्हणाले, थोरलीची मज्जा जुळतेय, करून बघू. पण मला बाजूला घेऊन एक सांगितलं. किरणं द्यावी लागतील. मुलगी वाचली तर पुढे कधीतरी याच किरणांनी तिला दुसरा कर्करोग होऊ शकतो." त्यांनी भिंतीवर तळहात टेकला. "मी सही केली. तुझ्या आईला ते शेवटचं कळूच दिलं नाही. तू बरी झालीस. आम्ही गाव बदललं, घर बदललं. आजारी मुलगी म्हणून कुणी तुझ्याकडे बघू नये, तुला स्वतःलाही तसं वाटू नये, म्हणून गप्प बसलो. आणि मग ही कानाखाली गाठ आली. मला त्याच दिवशी कळलं की ही मीच दिलीय."

"मग सांगितलं का नाहीत?" थोरली ओरडली. "ती मरत होती, आबा!"

"एकदा इतकं सगळं झालेल्या बाईला डॉक्टर औषधच द्यायचे नाहीत, अशी भीती वाटली. आणि..." ते धाकटीकडे बघू शकत नव्हते. "आणि तिला कळलं असतं."

तातडींनी स्वतः पुढे होऊन पिशवी खाली उतरवली.

"मॅडम," ते म्हणाले, "आता वजाबाकी कशातून कशाची करायची?"

६

रक्त गेलं बाद. मी धाकटीच्या दंडाच्या कातडीचा इवलासा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, म्हणजे ताईच्या रक्ताचा अंश त्यातून निघून गेला आणि उरली ती फक्त धाकटी. तेवढे दिवस तातडी रोज येऊन उकळत्या पाण्याकडे बघावं तसे माझ्या यंत्राकडे बघत बसायचे. मी त्यांना हाकललं नाही.

गाठीतून कातडी वजा केली आणि खोड्यांचा पूर ओसरला. दोन बहिणींमधला जन्मजात फरक तेवढा आम्ही गाठीच्या माथी मारत होतो. खाली उरली एक ठसठशीत खोडी. दोन जनुकं तुटून भलतीच एकमेकांना चिकटली होती, आणि त्या जोडगोळीने पेशीला सतत 'वाढ, वाढ' म्हणून पिडायचं ठरवलं होतं. विरळा प्रकार. पण नेमक्या त्याच जोडगोळीला गप्प बसवणारी गोळी मिळते.

मी धाकटीला सगळं समजावलं. गोळी नवी आहे. गाठी विरघळण्याची शक्यता चांगली आहे. किती काळ चालेल आणि पुष्कळ वर्षांनी तिचा काय त्रास होईल, हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तितकी वर्षं कुणी ती घेतलेलीच नाही.

"पुष्कळ वर्षं म्हणालात ना? मग द्या," ती म्हणाली आणि सही केली.

पुढच्या तपासणीत फुप्फुसांतल्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. मी चित्रं समोर लावली. थोरली रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "लहानपणापासून माझं रक्त आटवलंस गं तू."

"आटवलं कुठे? अजून वापरतेय," धाकटी म्हणाली. डोक्यावर बारीक केस उगवले होते आणि गालावर रंग होता. मग ती चित्रांकडे बघत मला म्हणाली, "खरं सांगा मॅडम. ही गाठ त्या किरणांनीच झाली का?"

खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही, आणि तिथे तर बोलायचंही नव्हतं. "बहुतेक हो."

"आणि ती दिली नसती तर?"

"तुम्ही शाळेतसुद्धा गेला नसतात."

तिने मान हलवली. सगळं सांगून टाकलं त्या दिवसापासून आबा तिच्याशी धड बोलले नव्हते. प्रत्येक वेळी सोबत यायचे आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावरच बसायचे, आत येत नसत. आज गाठी उतरल्याचं थोरलीने दारातून सांगितलं, तरी ते उठले नव्हते.

धाकटी बाहेर गेली. दार उघडंच राहिलं. मी कागद आवरायला लागले, पण कान तिकडेच होते.

"आबा, मॅडमनी या गोळीची सही घेतली ना, तेव्हा मला सांगितलं, पुढे काय होईल सांगता येत नाही."

"हं."

"तरी मी हो म्हणाले."

बाक कुरकुरला.

"तुम्ही सही केलीत तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला विचारता आलं नाही तुम्हाला. आता विचारा."

मग त्यांचा आवाज आला, इतका खालचा की मला कागद खाली ठेवावे लागले.

"चिमणे, एक औषध आहे. जगशील. पण पुढे कधीतरी त्यानेच दुखणं येईल. देऊ का?"

"द्या आबा," ती म्हणाली.